आम्ही स्वतः बनवलेलं एफजीएफ-२

मानवी मूलपेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त संपणारी गोष्ट म्हणजे एफजीएफ-२, पेशींना वाढीचा इशारा देणारं एक प्रोटीन. पेशींनी मूलपेशीच राहावं, मनाला येईल त्या दिशेला जाऊ नये, म्हणून हे प्रोटीन माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, घालावंच लागतं. २०११ साली आलेल्या ई-८ या माध्यमात सगळे मिळून आठच घटक आहेत आणि त्यातलं हे एक. प्रमाण मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम. आकडा ऐकायला नगण्य वाटतो, पण अर्धा लिटर माध्यमाला ५० मायक्रोग्रॅम लागतात आणि विकतची बाटली बऱ्याचदा तेवढ्याचीच असते. शिवाय ३७ अंशांवर हे प्रोटीन एक दिवसही धड टिकत नाही, म्हणून माध्यम रोज बदलायचं. म्हणजे ते रोज ओतायचं आणि रोज फेकायचं.

आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम एकदा बैठकीत म्हणाल्या, “एवढं साधं प्रोटीन आहे, आपणच का बनवत नाही? तू बघ जरा.” त्यांचं ‘साधं’ चुकीचं नव्हतं. एफजीएफ-२ वर साखरेच्या साखळ्या लागत नाहीत, त्याच्या नैसर्गिक घडीत डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाचे पूल, नाहीत, आकार जेमतेम १७ किलोडाल्टन. बॅक्टेरियात बनवायला याहून सोयीचं मानवी प्रोटीन शोधूनही सापडणार नाही. ते बनवायला खरंच फार त्रास झाला नाही. बनलेल्या प्रोटीनवर आपल्या पेशी सोपवायला मन तयार होणं, हे मात्र वेगळंच काम निघालं, आणि बहुतेक वेळ त्यातच गेला.

सुरुवातीलाच प्रश्न आला की कुठलं एफजीएफ-२? मानवी जनुक एकच आहे, चौथ्या गुणसूत्रावर. पण त्याच्या आरएनएवरून पेशी वेगवेगळ्या लांबीची प्रोटीनं वाचते. नेहमीच्या एयूजी या कोडॉनपासून (कोडॉन म्हणजे जनुकाच्या भाषेतला तीन अक्षरी शब्द) सुरुवात झाली तर १५५ अमिनो आम्लांचं. त्याच्या अलीकडे असलेल्या सीयूजी कोडॉनांपासून सुरुवात झाली तर आणखी लांब प्रकार होतात आणि ते प्रामुख्याने केंद्रकात जातात. बाजारात पाहावं तर कुणाकडे १५४ आम्लांचं, कुणाकडे १४६ चं, आणि सगळ्यांवर नाव तेच. १४६ वालं म्हणजे पुढची नऊ आम्लं गळालेलं रूप. सुरुवातीच्या काळात गायीच्या ऊतींमधून जे शुद्ध केलं जात होतं, ते बहुतेक असंच तुटलेलं असायचं. पेशींवर दोन्ही काम करतात. मी १५५ चं घेतलं. जुनं काम वाचताना मात्र एक कटकट कायम राहते. अमुक क्रमांकाचं सिस्टीन हे अमिनो आम्ल म्हणजे कुठल्या मोजणीतलं, हे दर वेळी तपासावं लागतं, कारण दोन मोजण्यांत नऊचा फरक पडतो.

दुसरा निर्णय टॅगचा, म्हणजे प्रोटीन पकडायला सोपं जावं म्हणून त्याला जोडायच्या तुकड्याचा. आजकाल प्रोटीन बनवायचं म्हटलं की सहा हिस्टिडिनांची शेपटी आपोआप लावली जाते. ती शेपटी धरणारा निकेलचा कॉलम (कण भरलेली नळी), इमिडॅझोलने इल्यूशन म्हणजे प्रोटीन सोडवणं, झालं काम. लॅबमधल्या सीनियरचाही तोच आग्रह होता. मी टॅग लावला नाही, आणि या निर्णयाबद्दल मला आजही बरं वाटतं. एफजीएफ-२ ला हेपरिनची जन्मजात ओढ आहे. पेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या शर्करा-साखळ्या असतात. त्यांचा आधार घेऊनच हे प्रोटीन आपल्या रिसेप्टरला नीट धरतं. हेपरिन त्याच कुळातलं. १९७४ साली गोस्पोदारोविझ यांनी गायीच्या पिट्युटरी ग्रंथीतून हा घटक वेगळा केल्याचं जाहीर केलं, पण तो हाताशी येईल इतका शुद्ध करणं बरीच वर्षं जिकिरीचंच होतं. १९८४ मध्ये फोकमन आणि क्लॅग्सब्रन यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणारा एक घटक हेपरिनच्या कॉलमवर पकडला आणि मग या कुटुंबाचं शुद्धीकरण अचानक सोपं झालं. जे प्रोटीन स्वतःच इतकी पक्की मूठ घेऊन येतं, त्याला आणखी एक मूठ चिकटवायची आणि नंतर ती टीईव्ही प्रोटीएज या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने कापत बसायचं, हे मला पटेना. आणखी एक फायदा होता. हेपरिनला धरण्यासाठी प्रोटीनची घडी बरोबर असावी लागते. त्यामुळे कॉलम नुसता शुद्ध करत नाही, थोडी निवडही करतो. चुकीच्या घडीचं प्रोटीन बऱ्याच अंशी लवकर सुटून जातं. निकेलला घडीशी काही देणंघेणं नसतं, त्याला शेपटी दिसली की पुरे.

जनुक मागवलं ते ई. कोलायच्या कोडॉनांच्या सवयीनुसार बदलून. या प्रोटीनमध्ये आर्जिनिन भरपूर आहेत, आणि मानवी जनुकात आर्जिनिनसाठी सर्रास येणारे एजीए, एजीजी हे कोडॉन ई. कोलायमध्ये दुर्मीळ असतात. अमिनो आम्लांचा क्रम तोच, फक्त लिपी बॅक्टेरियाच्या सोयीची. जनुक पीईटी प्रकारच्या प्लास्मिडमध्ये (बॅक्टेरियात राहणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात) टाकलेलं आलं, सोबत कॅनामायसिन या प्रतिजैविकाचा प्रतिरोध. अँपिसिलिन मुद्दाम टाळलं. त्याचा प्रतिरोध करणारं एन्झाइम बॅक्टेरिया बाहेर सोडतात, माध्यमातलं औषध संपतं आणि प्लास्मिड नसलेले फुकटेही मजेत वाढू लागतात. जैवसुरक्षा समितीची परवानगी आली, ई. कोलायच्या बीएल२१ (डीई३) या जातीत ट्रान्सफॉर्मेशन केलं, म्हणजे प्लास्मिड आत घातलं, प्लेटवर कॉलन्या आल्या, सिक्वेन्स बरोबर निघाला. या भागात सांगण्यासारखं काही नाही. बीएल२१ मध्ये लॉन आणि ओएमपीटी ही दोन प्रोटीएज नसतात, एवढं मात्र नोंदवते. ओएमपीटी नेमका लायसिन-आर्जिनिनच्या जोड्यांवर कापतो आणि आपलं प्रोटीन त्यांनी भरलेलं आहे.

मग इंडक्शनची, म्हणजे जनुक चालू करण्याची, चाचणी. कल्चर ६०० नॅनोमीटरवर ०.६ ओडीला (हे दाटपणाचं माप) आलं की आयपीटीजी हे रसायन टाकायचं. मग आपलं जनुक वाचणारा टी-७ पॉलिमरेज जागा होतो आणि बॅक्टेरिया आपली कामं बाजूला ठेवून आपल्यासाठी राबायला लागतो. ३७ अंशांवर तीन तास, २५ वर पाच तास आणि १८ वर रात्रभर, असं तिन्ही करून पाहिलं. प्रत्येकातून पेशी फोडून, सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी वेगळं आणि पेलेट (तळाचा गाळ) वेगळं जेलवर चालवलं, तिथे प्रोटीनं आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत म्हणजे बँडमध्ये दिसतात. ३७ अंशांवर बँड सगळ्यात जाड, पण त्यातला मोठा हिस्सा पेलेटमध्ये, म्हणजे घडी न पडलेल्या प्रोटीनच्या गोळ्यांत. १८ वर एकूण कमी, पण जवळजवळ सगळं विरघळलेलं. सीनियर म्हणाला, “गोळे यूरियात विरघळव आणि परत घडी घाल, जास्त मिळेल.” मिळालंही असतं. पण परत घडी घातलेल्या प्रोटीनमधलं किती नीट वळलंय, हे सिद्ध करण्याचं काम वाढलं असतं. मी थंड रात्रीचा मार्ग घेतला.

पेशी फोडताना बर्फ, थोडं लायसोझाइम, सोनिकेटरचे छोटे छोटे झटके आणि मध्ये विश्रांती. बफरमध्ये एक मिलिमोलर डीटीटी, सिस्टीनांना एकमेकांशी जुळू न देणारं रसायन. हे महत्त्वाचं आहे. एफजीएफ-२ मध्ये चार सिस्टीन आहेत आणि त्यातली दोन बाहेरच्या बाजूला उघडी पडलेली असतात. हवेच्या संपर्कात ती शेजारच्या रेणूतल्या सिस्टीनशी जुळतात आणि जोड्या, मग मोठे गठ्ठे तयार होतात. ही दोन सिस्टीन बदलून सेरीन घातलेली रूपंही लोक वापरतात आणि ती छान काम करतात. पण मला विकतच्या प्रोटीनशी तुलना करायची होती, म्हणून मूळ क्रमच ठेवला.

आता शुद्धीकरण. एफजीएफ-२ चा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रोटीनवरचा निव्वळ भार शून्य होतो तो) साडेनऊच्या पुढे आहे, म्हणजे साध्या पीएचला ते ठळकपणे धनभारित असतं. ई. कोलायच्या प्रोटीनांचा मोठा हिस्सा याच्या उलट स्वभावाचा. म्हणून पहिला कॉलम कॅटायन एक्स्चेंजचा, म्हणजे धनभारित रेणू धरणारा. बरीचशी घाण सरळ आरपार निघून गेली आणि माझं प्रोटीन अडकलं. जेल पाहून मी खूश होते. पण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८० नॅनोमीटरचा आकडा जेलशी जुळेना. जेलवरचा बँड जेवढा सांगत होता त्याच्या कितीतरी पट जास्त प्रकाश शोषला जात होता. २६० चं शोषण तर २८० हूनही वर. निव्वळ प्रोटीन असेल तर २६० आणि २८० चं गुणोत्तर ०.६ च्या आसपास येतं, न्यूक्लिक आम्लाचं २ च्या जवळ. माझं दीडच्या वर होतं.

कारण प्रोटीनच्या स्वभावातच होतं. इतका धनभार असलेला रेणू बॅक्टेरियाच्या डीएनए-आरएनएला चिकटणारच, तेही ऋणभारित असतात. जेलला देतात त्या कूमासीच्या रंगात न्यूक्लिक आम्ल दिसत नाही, म्हणून जेल स्वच्छ दिसतो. आणि हे नुसतं सौंदर्याचं दुखणं नव्हतं. तसाच माल हेपरिन कॉलमवर चढवला तेव्हा बरंच एफजीएफ-२ न अडकताच वाहून गेलं. ज्या जागेने ते हेपरिनला धरतं, तिथेच आरएनए बसलेला होता.

उपाय मिठाचा. हेपरिनवरून एफजीएफ-२ सुटायला साधारण दीड मोलर सोडियम क्लोराइड लागतं. न्यूक्लिक आम्लाशी असलेली त्याची मिठी मात्र त्याहून बरीच सैल असते. म्हणून पेशी फोडतानाच बफरमध्ये अर्धा मोलर मीठ घातलं, त्यात हळूहळू पॉलिइथिलीनइमाइन सोडलं. हा स्वतः धनभारित पॉलिमर. तो न्यूक्लिक आम्लांना गोळा करून दुधासारखा पांढरा गाळ बनवतो आणि जास्त मिठामुळे आपलं प्रोटीन वरच राहतं. सेंट्रिफ्यूज केलं, वरचं पाणी मीठ पातळ करून पहिल्या कॉलमवर, आणि तिथून आलेलं ०.६ मोलर मिठात हेपरिनवर. आता वाहून जाणाऱ्या पाण्यात काही नाही. एक मोलरच्या धुण्यात बॅक्टेरियाची डीएनएला चिकटणारी प्रोटीनं सुटून गेली. हेपरिनचा ऋणभार त्यांनाही भुलवतो, पण त्यांचं प्रेम एवढं खोल नसतं. मग मीठ चढवत नेलं आणि दीडच्या आसपास एक टोकदार, सममित शिखर आलं. गुणोत्तर ०.६ ला उतरलं. पडद्यावर शिखर चढताना पाहण्यात जी मजा आहे ती जेलमध्ये नाही.

मात्रा मोजताना एक सोय आणि एक अडचण. सोय अशी की क्रम माहीत असल्याने शोषण हिशेबाने काढता येतं. रेणूत एक ट्रिप्टोफॅन आणि सात टायरोसिन, त्यावरून मिलिलिटरला एक मिलिग्रॅम द्रावणाचं शोषण साधारण ०.९३ येतं. अडचण ब्रॅडफर्ड या प्रोटीन मोजण्याच्या चाचणीतल्या रंगाची. तो रंग आर्जिनिनला जास्त चिकटतो, आणि तुलनेला आपण घेतो गायीचं अल्ब्युमिन. माझ्या धनभारित प्रोटीनचा आकडा त्यात फुगून येत होता. मी २८० वरच विश्वास ठेवला. आम्हाला लिटरभर कल्चरमागे जे मिळालं ते मिलिग्रॅममध्ये होतं, आणि एका मिलिग्रॅममध्ये दहा लिटर माध्यम होतं हे लक्षात घेतलं तर अधिक हाव धरण्याचं कारण नव्हतं.

जेलवर एकच बँड. डीटीटी न घालता चालवला तेव्हा ३५ किलोडाल्टनच्या आसपास एक फिकट दुसरा, म्हणजे थोड्या जोड्या झालेल्या. तो साइझ एक्सक्लूजनच्या, म्हणजे आकारानुसार वेगळं करणाऱ्या, कॉलमवर वेगळा काढला. मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन हिशेबापेक्षा १३१ डाल्टनने कमी भरलं. कमी भरायलाच हवं होतं. सुरुवातीचं मेथिओनिन १३१ चं असतं, आणि त्याच्या पुढचं आम्ल ॲलॅनिनसारखं लहान असेल तर बॅक्टेरियाचं एक एन्झाइम ते काढून टाकतं. म्हणजे माझ्या नळीत १५४ आम्लांचं प्रोटीन होतं आणि बाजारातल्या १५४ आकड्याचं कोडंही जाता जाता सुटलं.

इथपर्यंत आलं की बहुतेकांना वाटतं झालं. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, ओळख पक्की, नळ्या भरा. मॅडमनी मात्र जेलचा फोटो बाजूला ठेवला. “हे बॅक्टेरियातून आलंय. पेशींना ते आवडेल का, ते सांग.”

ई. कोलायच्या बाहेरच्या कवचात लिपोपॉलिसॅकराइड असतं, म्हणजेच एंडोटॉक्सिन. प्रोटीन कितीही शुद्ध असो, जेलवर ते दिसत नाही, २८० वर दिसत नाही. मॅक्रोफेज जातीच्या संरक्षक पेशी त्याच्या अत्यल्प मात्रेनेही खवळतात. म्हणजे उद्या कुणी आमचं प्रोटीन तसल्या पेशींवर टाकून ‘एफजीएफ-२ मुळे दाह होतो’ असा शोध लावायचा, आणि तो शोध खरं तर ई. कोलायच्या कवचाचा असायचा. असे निष्कर्ष जगात किती पडून असतील याचा विचार मी सहसा करत नाही.

पुन्हा धनभार आडवा आला. लिपोपॉलिसॅकराइडवर फॉस्फेट असतात, ऋणभारित. ते एफजीएफ-२ ला धरून बसतं आणि कॉलममागून कॉलम सोबत येतं. पहिली मोजणी निराशाजनक होती. संशोधनाच्या प्रोटीनवर साधारणपणे मायक्रोग्रॅममागे एका एंडोटॉक्सिन युनिटच्या आत अशी हमी असते, आणि एक युनिट म्हणजे सुमारे १०० पिकोग्रॅम. माझं त्याच्या खूप वर. यावर जी युक्ती चालली ती अशी. प्रोटीन हेपरिनवर अडकलेलं असतानाच, थंड खोलीत, ०.१ टक्का ट्रायटन एक्स-११४ घातलेल्या बफरने कॉलम भरपूर वेळ धुवायचा. हा डिटर्जंट थंडीत विरघळलेला राहतो आणि विशीच्या पुढच्या अंशांत ढगाळ होऊन वेगळा पडतो, म्हणून सगळं काम चार अंशांवर. लिपोपॉलिसॅकराइडच्या चरबीच्या शेपट्या डिटर्जंटच्या थेंबांत शिरतात आणि निघून जातात. नंतर डिटर्जंटशिवायच्या बफरने त्याहून जास्त वेळ धुवायचं, नाहीतर पेशी डिटर्जंटनेच मरतील.

भांड्यांचाही प्रश्न असतो. ऑटोक्लेव्हमध्ये बॅक्टेरिया मरतो, पण त्याचं एंडोटॉक्सिन शाबूत राहतं. काचेची भांडी २५० अंशांवर कोरड्या उष्णतेत अर्ध्या तासाहून जास्त ठेवावी लागतात. प्लास्टिक तर तसलं हमीचं विकतच घ्यावं लागतं. या टप्प्यापासून पुढे मी रोजच्या बाटल्यांमधलं साधं पाणीही वापरलं नाही.

मोजणी एलएएल चाचणीने. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क एंडोटॉक्सिन भेटताच गोठतो. लेव्हिन आणि बँग यांनी १९६४ मध्ये हे गोठणं मांडलं आणि पुढे यातूनच चाचणी उभी राहिली. आता त्या अर्कातलं एंडोटॉक्सिन ओळखणारं फॅक्टर सी हे प्रोटीन रिकॉम्बिनंट पद्धतीने, म्हणजे त्याचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून, बनवतात, म्हणजे प्राण्याचं रक्त काढावं लागत नाही. या चाचणीत एक सापळा आहे. प्रोटीनने एंडोटॉक्सिन घट्ट धरून ठेवलं असेल तर ते चाचणीला दिसतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून नमुन्यात माहीत असलेली मात्रा मुद्दाम घालायची आणि ती परत मोजता येते का पाहायची. निम्म्यापासून दुपटीपर्यंत परत आली तर मोजणी ग्राह्य. माझ्या घट्ट द्रावणात घातलेलं जवळजवळ गायबच होत होतं. पातळ करत गेल्यावर एका ठिकाणी ते नीट परत येऊ लागलं, आणि तिथला आकडा मी खरा मानला. तो मर्यादेच्या आत होता. ही परतीची तपासणी न करता नुसता ‘एंडोटॉक्सिन कमी’ म्हणणाऱ्या आकड्याला मी काडीची किंमत देत नाही.

मग खरी परीक्षा, पेशींवर. उंदराच्या ३टी३ फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) घेतल्या. सीरम कमी करून दिवसभर उपाशी ठेवल्या, म्हणजे त्या विभाजन थांबवून बसतात. मग एफजीएफ-२ च्या पातळ होत जाणाऱ्या मात्रा दिल्या, पिकोग्रॅमपासून शंभर नॅनोग्रॅमपर्यंत, आणि दोन दिवसांनी रिसाझुरिन घातलं. जिवंत पेशी त्याचा निळा रंग गुलाबी करतात. त्याच प्लेटवर विकतचं प्रोटीन, त्याच पातळीकरणाने. माझा बफर प्रोटीनशिवाय, त्याच कॉलमवरून तसाच काढलेला. आणि माझं प्रोटीन उकळून. उकळल्याने एफजीएफ-२ संपतं पण एंडोटॉक्सिनला काही होत नाही, त्यामुळे उकळलेल्यातही परिणाम दिसला तर समजायचं की काम भलत्याचंच आहे. शेवटच्या ओळीत एफजीएफ रिसेप्टर अडवणारं पीडी१७३०७४ हे औषध.

उकळलेलं गप्प, बफर गप्प, औषधाने परिणाम पुसला गेला. इथपर्यंत उत्तम. पण माझी वक्ररेषा विकतच्यापेक्षा उजवीकडे सरकलेली. तेवढाच परिणाम मिळवायला माझं जास्त लागत होतं. शुद्धता तीच, वजन तेच, घडी हेपरिनने तपासलेली, मग काय? एकाच गोष्टीत फरक होता. विकतच्या बाटलीत अल्ब्युमिन होतं आणि माझं प्रोटीन नुसतंच. मिलिलिटरला नॅनोग्रॅम इतकं पातळ केलेलं प्रोटीन प्लास्टिकच्या भिंतींना चिकटतं. प्रत्येक नळीत थोडं राहून जातं आणि पातळीकरणाच्या शेवटच्या नळीत कागदावरच्या आकड्याच्या मानाने फारच कमी उरतं. ०.१ टक्का अल्ब्युमिन घातलेल्या बफरमध्ये पातळीकरण केलं आणि दोन रेषा एकमेकींवर बसल्या. अर्धा परिणाम देणारी मात्रा मिलिलिटरला एका नॅनोग्रॅमच्या आत. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की नळीत एफजीएफ-२ आहे. जेलच्या दिवशी नव्हतं वाटलं.

अल्ब्युमिन घालायचं की नाही हा मात्र वादाचा मुद्दा राहिला. घातलं तर प्रोटीन टिकतं, पण नंतर त्याची मात्रा मोजता येत नाही आणि त्याला रंग किंवा बायोटिन जोडायचं असेल तर सगळं अल्ब्युमिनलाच जोडलं जातं. मग आम्ही दोन्ही ठेवलं. मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या वरचे घट्ट भाग, मीठ टिकवून, अल्ब्युमिनशिवाय, उणे ८० वर. आणि रोजच्या वापराचे छोटे भाग अल्ब्युमिनसह. कुठलाही भाग एकदा वितळला की परत गोठवायचा नाही, चार अंशांवर ठेवून संपवायचा. गाळणं ०.२२ मायक्रॉनच्या, प्रोटीन कमी धरणाऱ्या पडद्यातून, आणि मात्रा गाळल्यानंतर मोजायची, आधी नाही.

फायब्रोब्लास्टनी पास केलं म्हणजे मूलपेशींनी केलं असं नाही. त्यांच्याकडे दोन्ही प्रोटीनं शेजारी शेजारी, सलग बऱ्याच पिढ्या चालवली. कॉलन्यांच्या कडा, ऑक्ट-४ या मूलपेशींची ओळख पटवणाऱ्या प्रोटीनचं प्रमाण, गुणसूत्रांचा नकाशा. एखाद-दोन पिढ्यांत काही कळत नाही, पेशी जुन्या माध्यमाच्या पुण्याईवर तग धरतात. फरक दिसला नाही, तेव्हा मॅडमनी होकार दिला, तोही अटीसह. चालू असलेला प्रयोग आहे त्याच लॉटवर संपवायचा, मधेच प्रोटीन बदलायचं नाही, आणि प्रत्येक नवा लॉट आधीच्या लॉटसोबत एकाच प्लेटवर तपासल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही.

शेजारच्या गटातल्या मुलीने परवा विचारलं, “ताई, तुमचं एफजीएफ आमच्या मॅक्रोफेजवर चालेल का?” मी तिला एंडोटॉक्सिनचा आकडा दिला, परतीची टक्केवारी दिली, आणि उकळलेल्या प्रोटीनची एक नळी सोबत दिली. ती आधी टाक म्हटलं.

सध्या दुसरी रचना हातात आहे. काही आम्लं बदलून उष्णतेत टिकणारं केलेलं एफजीएफ-२, जे ३७ अंशांवर कितीतरी दिवस कार्यक्षम राहतं. ते जमलं तर माध्यम रोज बदलायची गरज उरणार नाही. हेपरिनवर ते थोडं वेगळ्या मिठाला सुटतंय, तेव्हा धुण्याची पायरी नव्याने बसवावी लागेल.